क्योतोची मिठाई आणि चहा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्योतोत राहायला आल्यापासून दर मार्चमध्ये साकुरा फुलायच्या सुमाराला आणि दर नोव्हेंबरात पानं लाल व्हायच्या सुमाराला निरोप येऊ लागतात. ‘आम्ही येतोय, तिथलं काय खायचं?’ प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकत्र लिहून ठेवली. एक उत्तर दुसऱ्यावर अवलंबून असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. वागाशी म्हणजे नेमकं काय? मोची म्हणजेच वागाशी ना?

वागाशी म्हणजे जपानी पद्धतीची मिठाई, आणि मोची हा तिचा फक्त एक प्रकार. मूळ सामान मोजकंच असतं: तांदूळ (चिकट आणि साधा), अझुकी नावाची बारीक लाल कडधान्यं, पांढऱ्या घेवड्याचं पुरण, साखर, समुद्री शेवाळापासून केलेला कान्तेन म्हणजे अगार-अगार, आणि कुझूसारखे कंदांचे सत्त्व. तूप, दूध, खवा, वेलची यांतलं काहीच नाही. म्हणून पहिला घास घेतल्यावर आपल्याला काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. दोन-तीन दिवसांत जीभ सरावते आणि मग डाळीची, तांदळाची स्वतःची चव कळायला लागते.

दुकानात तीन शब्द कानावर पडतील. नामागाशी म्हणजे ओली मिठाई, हिगाशी म्हणजे कोरडी, साच्यातून काढलेली, आणि हान-नामा म्हणजे मधली. फुलांच्या, पानांच्या आकाराची जी मिठाई तुम्ही फोटोंत पाहता ती जोनामागाशी, म्हणजे उच्च प्रतीची ओली मिठाई.

२. त्यासाठी क्योतोलाच का यायचं? तोक्योत मिळत नाही का?

मिळते, आणि उत्तम मिळते. पण ७९४ पासून १८६८ पर्यंत सम्राटाचा दरबार क्योतोत होता. दरबाराला, मोठ्या देवळांना आणि चहाच्या घराण्यांना मिठाई पुरवणारी दुकानं इथेच वाढली. सध्या तोक्योत असलेलं तोराया हे प्रसिद्ध घराणंही मूळचं क्योतोचं. १८६९ मध्ये सम्राटामागोमाग ते तिकडे गेलं, पण इचिजो भागातलं त्यांचं जुनं ठिकाण अजून सुरू आहे.

दुसरं कारण म्हणजे इथलं भूजल मृदू आहे. पुरण शिजवायला, चहाला आणि तोफूला ते मानवतं. तिसरं मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं: इथला कारागीर मिठाई नुसती खाण्यासाठी करत नाही, एका विशिष्ट आठवड्यातल्या चहासोबत द्यायला करतो. तोच पांढऱ्या पुरणाचा गोळा, पण एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्याला एक नाव असतं आणि तिसऱ्या आठवड्यात दुसरं, कारण मधल्या काळात साकुरा गळून गेलेला असतो. दुकानात नाव विचारा. ‘पहिलं दंव’, ‘पाण्यावरची पानं’ अशी नावं असतात, आणि नाव ऐकल्यावर समोरचा साधा गोळा वेगळा दिसायला लागतो.

३. आधी गोड खायचं की आधी चहा प्यायचा?

आधी गोड, आणि ते पूर्ण संपवायचं. मग चहा. आपण चहाबरोबर बिस्किट खातो तसं आलटून-पालटून चालत नाही. गोडाची चव तोंडात रेंगाळत असताना माचाचा, म्हणजे दळलेल्या हिरव्या चहाचा, कडूपणा येतो, आणि दोन्ही एकमेकांना सावरतात. मिठाई ‘फार गोड’ किंवा ‘फार फिकी’ ठरवण्याआधी चहाचा घोट घ्या, कारण ती चहाचा विचार करूनच बेतलेली असते.

जोनामागाशी कुरोमोजी नावाच्या लाकडी काडीने तीन-चार तुकडे करून खातात. हिगाशी हाताने. प्लेटऐवजी कागदाची घडी दिली तर ती काइशी. उरलेलं त्यातच गुंडाळून घरी नेलं तरी ते वावगं नाही.

४. आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत. अंडंही चालत नाही. काय खाता येईल?

वागाशीच्या बाबतीत तुम्ही नशीबवान आहात, बहुतेक सगळं खाता येईल. वड्या घट्ट करायला जिलेटीन नाही, कान्तेन वापरतात. दाइफुकू (पुरण भरलेली मोची), ओहागी, योकान, मिनाझुकी, कुझुकिरी, माचाबरोबर येणाऱ्या जोनामागाशी या सहसा अंड्याविना असतात.

अंडं असतं ते कासुतेरात (पोर्तुगीजांकडून आलेला केक) आणि दोरायाकीत (पुरण भरलेले पॅनकेक). काही भाजलेल्या मान्जूंमध्येही (पुरण भरलेल्या छोट्या बनांमध्ये) ते असतं. ‘तामागो वा हाइत्तेइमासु का?’ म्हणजे ‘यात अंडं आहे का?’ एवढं एक वाक्य पाठ करा. नव्या धाटणीच्या कॅफेंतल्या माचा पुडिंग, मूस, पार्फे यांत जिलेटीन आणि अंडं दोन्ही असू शकतं, तिथे हे उत्तर लागू नाही.

चहाच्या समारंभाबरोबर जेवण असेल, म्हणजे काइसेकी, तर त्यात मासे आणि माशांचा अर्क असणारच. आधी कळवल्याशिवाय जाऊ नका.

५. चिनी वाचता येणारी मैत्रीण म्हणाली, योकानच्या नावात मेंढी आहे. मग ते शाकाहारी कसं?

मैत्रीण खरं बोलली आणि तरी तुम्ही निर्धास्त खा. योकानच्या दोन अक्षरांचा अर्थ मेंढीच्या मांसाचा रस्सा असाच आहे. चीनमध्ये तो खरोखर मांसाचा पदार्थ होता. जपानच्या झेन भिक्षूंना मांस वर्ज्य, म्हणून त्यांनी त्याच्या जागी कडधान्याचा पदार्थ केला, आणि पुढे कान्तेन मिळू लागल्यावर आजची घट्ट, चकचकीत वडी झाली. नाव मात्र तेच राहिलं.

६. आम्ही जैन आहोत, कंदमुळं खात नाही. मग प्रश्न ४ मधलं सगळं चालेल?

नाही, इथे जरा थांबावं लागेल. जोयो मान्जू नावाचं पांढरंशुभ्र, मऊ मान्जू दिसायला निरुपद्रवी असतं, पण त्याचं आवरण डोंगरी कंद किसून केलेलं असतं. जानेवारीतल्या हानाबिरामोचीत गोबो नावाच्या मुळाची गोड काडी असते. कुझू आणि वाराबी ही दोन्ही मुळांची सत्त्वं आहेत, त्यामुळे कुझुकिरी आणि अस्सल वाराबिमोची गेली. रताळ्याच्या मिठाया उघडच आहेत.

उरतं तेही कमी नाही: ओहागी, मामेमोची (कडधान्याचे दाणे घातलेली मोची), दाइफुकू, योकान, मिनाझुकी, तांदळाची हिगाशी. शेवाळाबद्दल तुमच्या घरचा नियम काय आहे ते तुम्हीच ठरवा. योकान त्यावरच उभं आहे.

७. मधेच एकादशी येते. उपवासाला काही चालेल का?

तांदूळ आणि कडधान्यं दोन्ही बाद म्हटल्यावर जवळजवळ सगळी वागाशी बाद. एक वाट उरते ती कुझुकिरीची: कुझूच्या मुळाचं सत्त्व, पाणी, आणि वर कुरोमित्सू, म्हणजे काळ्या साखरेचा पाक, चवीला आपल्या काकवीच्या जवळचा. आरारूट चालणाऱ्या घरात हेही चालावं असं मला वाटतं, पण हा माझा अंदाज आहे, शास्त्राधार नाही. क्योतोच्या गिओन भागातल्या कागिझेन योशिफुसा या जुन्या दुकानात ती मागितल्यावर ताजी करतात आणि बर्फाच्या पाण्यात घालून आणतात. पारदर्शक पट्ट्या असतात, त्या पाकात बुडवून खायच्या. उपवास नसला तरी उन्हाळ्यात हीच खा.

८. क्योतोत मोदक मिळतो असं ऐकलं. खरं आहे?

या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला सगळ्यांत जास्त आवडतं. हो, मिळतो, आणि त्याचं नाव सेइजो कान्कीदान.

जपानी बौद्ध परंपरेत कान्गितेन नावाची देवता आहे. हा आपला विनायक, भारतातून चीनमार्गे गेलेला. त्याच्या मूर्ती बहुधा पडद्याआड ठेवतात, भाविकांना त्यांचं दर्शन होत नाही. त्याचा नैवेद्य तांगकालीन चीनमधून बौद्ध धर्माबरोबर इथे आला. आता शब्द पाहा: मोद म्हणजे आनंद, कान्की म्हणजेही आनंद, आणि दान म्हणजे गोळा. मोदकाचं नाव भाषांतर होऊन इथवर पोचलं आहे.

गिओनजवळचं कामेया कियोनागा हे १६१७ पासूनचं दुकान तो अजून करतं. कृती हिएई पर्वतावरच्या आचार्यांकडून मिळाली असं ते सांगतात. तांदळाच्या आणि गव्हाच्या पिठाची पारी, आत सात सुगंधी द्रव्यं मळलेलं अझुकीचं पुरण, वर आठ पाकळ्यांच्या कमळाच्या आठ मुरडी, आणि सगळं तिळाच्या तेलात तळलेलं. आकार पैशांच्या पुरचुंडीचा. पूर्वी आत चेस्टनट, पर्सिमॉन, जर्दाळू असं सारण असे. अझुकी अठराव्या शतकात आली.

म्हणजे उकडीच्या मोदकाची अपेक्षा ठेवून जाऊ नका, हा तळणीच्या मोदकाचा भाऊ आहे. आवरण चांगलंच कडक असतं. पहिल्या घासाला चंदनाचा, दालचिनीचा वास येतो, देवघरात उदबत्ती लावून बसल्यासारखा. मी पहिल्यांदा खाल्ला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. थोडा गरम करून खाल्ला तर तिळाचं तेल जागं होतं.

९. इथे काटेरी हलव्यासारखं काहीतरी विकतात, ते काय?

कोनपेइतो. तुमची नजर बरोबर आहे: संक्रांतीच्या हलव्यासारखीच ही पाकाची करामत. हलव्यात आत तीळ असतो, कोनपेइतोच्या पोटात साखरेचा किंवा तांदळाचा कण. तापलेल्या, तिरक्या, फिरत्या मोठ्या कढईत कण टाकून त्यावर पाक शिंपडत राहायचं. क्योतो विद्यापीठाजवळच्या र्योकुजुआन शिमिझू या १८४७ पासूनच्या दुकानात एका घाण्याला दोन आठवड्यांहून जास्त दिवस लागतात, आणि कारागीर कढईत घरंगळणाऱ्या दाण्यांच्या आवाजावरून पाक कधी घालायचा ते ठरवतात. शेगडीपुढे बसून बोटांनी हलव्याला काटा आणलेल्या कुणालाही हे पटकन समजेल.

शब्द पोर्तुगीज ‘कोन्फेइतो’वरून आला, आणि इथे गोव्याचा धागा आहे. १५६९ मध्ये क्योतोत ओदा नोबुनागा या बलाढ्य सरदाराला काचेच्या बाटलीतून कोनपेइतो भेट देणारा जेझुइट धर्मप्रसारक लुईश फ्रोइश १५४८ मध्ये गोव्यात आला होता. तिथेच शिकून, दीक्षा घेऊन तो १५६३ मध्ये जपानला पोचला.

१०. कोणत्या महिन्यात काय मागायचं?

जानेवारीत हानाबिरामोची: पांढऱ्या आवरणातून आतला गुलाबी रंग झिरपतो, आत पांढऱ्या मिसोचं (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचं) पुरण आणि गोबोची काडी. उरासेन्के या चहाच्या घराण्याच्या वर्षातल्या पहिल्या चहाला हीच असते. मार्च-एप्रिलमध्ये साकुरामोची. क्योतोची पद्धत जाडसर दळलेल्या चिकट तांदळाची, तोक्योची पातळ धिरड्यासारखी. भोवतालचं खारवलेलं साकुराचं पान खायचं असतं. ५ मेच्या काशिवामोचीभोवतीचं पान मात्र खायचं नसतं, त्यात अनेक जण फसतात.

जूनच्या अखेरीस इथे असाल तर मिनाझुकी चुकवू नका. पांढऱ्या, उकडलेल्या उइरोची, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या मिश्रणाची, त्रिकोणी वडी, वर अझुकीचा थर. जुन्या काळी सहाव्या महिन्यात दरबारी मंडळींसाठी डोंगरातल्या बर्फघरांतून बर्फ येई. सामान्यांना तो मिळणं शक्य नव्हतं, म्हणून बर्फाच्या तुकड्याच्या आकाराची ही मिठाई. लाल अझुकी इडापिडा टाळते अशी श्रद्धा. ३० जूनला लोक देवळात गवताच्या मोठ्या कड्यातून आरपार जातात, अर्ध्या वर्षाचा मळ टाकतात आणि घरी येऊन मिनाझुकी खातात. त्या दिवशी गल्लीतलं साधं दुकानही ती करतं, आणि मला तीच आवडते.

सप्टेंबरात, दिवस-रात्र समान होतात त्या आठवड्यात, पितरांसाठी ओहागी करतात: भात आत आणि पुरण बाहेर. आपला पितृपक्षही त्याच सुमारास येतो. नोव्हेंबरात इनोकोमोची, म्हणजे रानडुकराच्या पिल्लाच्या नावाची मोची.

११. गिओन उत्सवात ‘चिमाकी’ घेतली, पण आत खायला काहीच नाही. फसवलं का?

नाही. जुलैमधल्या गिओन उत्सवाची चिमाकी हा ताईत आहे. बांबूच्या पानांची ही जुडी वर्षभर दारावर टांगायची, रोगराई बाहेर राहते. खायची चिमाकी वेगळी: बांबूच्या पानात गुंडाळलेली कुझूची किंवा तांदळाची मिठाई, मुख्यतः मे महिन्यातली. १५०३ पासून चालत आलेलं कावाबाता दोकी हे घराणं त्यासाठी प्रसिद्ध आहे, तिथे आधी मागणी नोंदवावी लागते.

१२. माचा, सेंचा, होजिचा यांत फरक काय? दूध-साखर मागितली तर चालेल?

झाड एकच, आपल्या आसाम-दार्जिलिंगच्या चहाचंच. आपल्याकडे पान ऑक्सिडाइझ होऊन काळं होतं, इथे तोडल्यावर लगेच वाफवतात म्हणून हिरवं राहतं. माचासाठी झुडपं तोडणीआधी सुमारे तीन आठवडे सावलीत ठेवतात, पानं वाळवून शिरा काढतात आणि दगडी जात्यावर दळतात. एका जात्यातून तासाला जेमतेम ४० ग्रॅम पडतो, म्हणून तो महाग. सेंचा म्हणजे उन्हातली, वळलेली पानं. ही पद्धत १७३८ मध्ये उजीजवळ नागातानी सोएन यांनी बसवली. ग्योकुरो म्हणजे सावलीतलीच पानं, पण न दळलेली. होजिचा म्हणजे भाजलेला. रात्री प्यायला हाच बरा, कारण माचाच्या एका वाटीत, सुमारे २ ग्रॅम पुडीत, ६० मिलिग्रॅमच्या आसपास कॅफीन असतं.

क्योतोचा इरिबान्चा हा वेगळाच प्रकार. त्याला चुलीच्या धुराचा जोरकस वास येतो. घरोघरी रोजचा हाच. ज्यांनी गावाकडे चुलीवरचा चहा प्यायला आहे त्यांना तो लगेच आवडतो, इतरांना पुडा उघडल्यावर जळकट वाटू शकतो.

दूध-साखर समारंभात किंवा जुन्या चहाच्या दुकानात मागू नका. कॅफेत माचा लाते सर्रास मिळतं. घरी करताना एकच चूक टाळा: उकळतं पाणी. माचाला सुमारे ८० अंश, ग्योकुरोला त्याहून बरंच कमी.

१३. माचा कुठून विकत घेऊ? दुकानात संपला म्हणाले.

२०२४ पासून जगभर मागणी इतकी वाढली की क्योतोतल्या मोठ्या चहावाल्यांनी विक्रीवर मर्यादा घातल्या. सकाळी लवकर जा आणि माणशी एकच डबी मिळेल असं धरून चाला. तेरामाची रस्त्यावरचं इप्पोदो १७१७ पासूनचं आहे. उजीला जाणं शक्य असेल तर जाच, क्योतोहून आगगाडीने अर्ध्या तासाच्या आत पोचता. तिथे पुलाच्या टोकाला त्सुएन नावाचं चहाचं दुकान ११६० पासून असल्याचं सांगतात. माचाची डबी उघडल्यावर महिन्याभरात संपवा.

१४. चहाच्या समारंभाला जायचंय. आईचे गुडघे दुखतात, खाली बसवत नाही.

आईंना जरूर घेऊन जा आणि र्युरेइ पद्धतीचा समारंभ मागा, म्हणजे टेबल-खुर्चीवरचा. ही पर्यटकांसाठी आणलेली पळवाट नाही. १८७२ मध्ये क्योतोच्या प्रदर्शनाच्या वेळी उरासेन्केचे अकरावे प्रमुख गेन्गेन्साइ यांनी ती बसवली.

तातामीच्या (जाड जपानी चटयांच्या) खोलीत जाणार असाल तर स्वच्छ मोजे बरोबर ठेवा. अंगठ्या, घड्याळ काढून ठेवा, कारण वाट्या जुन्या आणि नाजूक असतात. मंगळसूत्र लांब असेल तर आत घ्या, वाकताना वाटीला लागतं. अत्तर नको, खोलीत धूप आणि चहाचा वास असतो. काही जुन्या खोल्यांचं दार जेमतेम ६६ सेंटिमीटरचं असतं, सगळ्यांना वाकून, गुडघ्यांवर सरकत आत जावं लागतं. ही रीत चहाच्या परंपरेचे थोर आचार्य सेन नो रिक्यू (१५२२ ते १५९१) यांच्याशी जोडतात. त्यांची म्हणून ओळखली जाणारी ताइआन ही खोली क्योतोजवळच्या यामाझाकीत आहे, दोन तातामींची, म्हणजे आपल्या देवघराएवढी. ज्यांच्या पदरी ते होते त्या हिदेयोशी या सत्ताधीशाने अखेर त्यांना पोट चिरून मरायची आज्ञा दिली. तीन सेन घराणी, ओमोतेसेन्के, उरासेन्के आणि मुशाकोजिसेन्के, त्यांच्याच वंशातली, आणि तिन्ही अजून क्योतोतच आहेत.

१५. वाटी फिरवून का पितात? किती वेळा?

यजमान वाटीची सुंदर बाजू तुमच्याकडे करून ठेवतो. त्या बाजूला ओठ लावायचे नाहीत, म्हणून वाटी थोडी फिरवतात, बहुधा दोनदा. घराण्यांनुसार बारकावे बदलतात. फेसाचंही तसंच: उरासेन्केत भरपूर, ओमोतेसेन्केत कमी. शेवटचा घोट आवाज करून ओढतात, तो संपल्याची खूण. पिण्याआधी शेजारच्याला ‘ओसाकी नि’, म्हणजे ‘तुमच्या आधी घेते’, म्हणायचं. चुकलं तर कुणी रागावत नाही. गोड कधी संपवायचं ते प्रश्न ३ मध्ये आहे.

दाट चहा, कोइचा, असेल तर एकच वाटी सगळ्यांत फिरते. उष्टं चालत नसेल तर आधीच सांगा, वेगळी वाटी देणारी ठिकाणं आहेत.

१६. भारतात काय नेता येईल?

जोनामागाशी त्याच दिवशी खायची, मामेमोची तर संध्याकाळपर्यंत कडक होते. टिकतं ते बंद योकान, कोनपेइतो आणि वासान्बोन नावाच्या बारीक जपानी साखरेची हिगाशी. यात्सुहाशीचे दोन प्रकार आहेत: भाजलेली, दालचिनीच्या वासाची, कौलासारखी वळलेली कडक पापडी टिकते. मऊ, त्रिकोणी, पुरण भरलेली ‘नामा’ काही दिवसांचीच. तिखट-मीठ खाणाऱ्या सासरेबुवांना कडक यात्सुहाशी आवडते असा अनुभव आहे.

१७. लहान मुलाला आणि आजीला मोची द्यावी का?

जपून. मोची घशात अडकून दर नववर्षाला जपानमध्ये वृद्ध दगावतात. लहानग्यांना देऊच नका. आजींना द्यायची तर नखाएवढे तुकडे करून, बसवून, आधी चहाचा घोट देऊन. योकान किंवा मिनाझुकी जास्त सोयीची.

१८. मोदकाच्या पिठीची मोची होईल का?

होणार नाही. मोचीला चिकट तांदूळच लागतो, ज्यात अमायलोज जवळजवळ नसतं. आंबेमोहोर, इंद्रायणी मऊ असले तरी त्या जातीचे नाहीत. मिनाझुकी मात्र साध्या पिठीत थोडा मैदा मिसळून, उकडून जमते. अझुकीऐवजी लाल चवळी घेतली तरी चालते.

१९. एकच दुपार हातात आहे. एकच गोष्ट सांगा.

इमामिया देवळाच्या पूर्वेच्या दारापाशी जा. समोरासमोर दोन दुकानं आहेत, इचिवा आणि काझारिया. इचिवा इ.स. १००० पासूनचं असं सांगतात. दोन्हीकडे एकच पदार्थ, आबुरिमोची: बोटाच्या पेराएवढे मोचीचे तुकडे सोयाबीनच्या पिठात घोळवून, बांबूच्या काड्यांना लावून कोळशावर भाजलेले, वर पांढऱ्या मिसोचा गोड रस. बुधवारी सहसा बंद असतं. कुठल्याही बाजूला बसा, चहा तेच देतात. करपलेल्या टोकांचा वास रस्त्यापर्यंत येतो.